दिवे प्रखर झाले. रस्ता दिसतो काय?

रात्रीच्या प्रवासात समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपणे ही आता इतकी नित्याची गोष्ट झाली आहे की, तिच्याविषयी तक्रार करण्याचेही कोणाला सुचत नाही. घाट उतरणारा एसटीचा चालक, शिकवणी आटोपून सायकलवरून घरी परतणारी विद्यार्थिनी, दुसरी पाळी संपवून दुचाकीवरून निघालेला कामगार या साऱ्यांना क्षणभर काहीच दिसेनासे होते. तो क्षण सरला की बहुतेक जण आपापल्या वाटेने निघून जातात. काही जण मात्र घरी पोचत नाहीत. त्यांची नोंद दुसऱ्या दिवशी चार ओळींच्या बातमीत होते आणि तिच्यात 'चालकाचा ताबा सुटल्याने' एवढेच कारण दिलेले असते. ताबा का सुटला, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते. महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांच्या वर होती. दिवसाच्या चोवीस तासांची तीन-तीन तासांच्या आठ भागांत वाटणी केली, तर संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या एकाच भागात एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात होतात, असे वर्षानुवर्षे दिसून आले आहे. या सर्व अपघातांचे खापर दिव्यांवर फोडता येणार नाही. घरी परतणाऱ्यांची गर्दी, दिवसभराचा शीण, मद्यपान आणि रस्त्यांची दुर्दशा हीही कारणे आहेतच. परंतु उजेड मावळत असताना रस्ता अधिक घातक होतो आणि त्यात पायी चालणाऱ्याचा बळी मोठ्या संख्येने जातो, एवढे तरी या आकड्यांवरून नाकारता येत नाही.

या धोक्यावर वाहनधारकांनी आपल्यापुरता उपाय शोधून काढला आहे. तो म्हणजे अधिक प्रखर दिवा. कारखान्यातून आलेला दिवा अपुरा वाटला की मालक सुट्या भागांच्या दुकानात जातो. तेथे पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे एलईडी बल्ब, झेनॉनचे संच आणि बंपरवर बसविण्याच्या जादा दिव्यांच्या पट्ट्या सहज मिळतात. अर्ध्या तासात मिस्त्री काम उरकतो आणि मालक समाधानाने घरी जातो. त्याची गरज खोटी आहे, असे कोणी म्हणू नये. पावसाळ्यात आंबोली किंवा कुंभार्ली घाटातून रात्री जाणाऱ्यास रस्त्याची कड दिसत नसेल, तर त्याने अधिक उजेड मागावा हे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच आहे की, तो जे विकत घेतो ते दिसणे असते, की केवळ उजेड? या दोन गोष्टी एक नाहीत आणि सारी गफलत तेथेच होते.

मोटारीच्या दिव्याची रचना पाहिली म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. बल्बमधील तार ही प्रकाशाची उगमजागा. तिच्यामागील परावर्तक त्या प्रकाशाला दिशा देतो. ही तार परावर्तकाच्या केंद्राशी किती काटेकोरपणे बसली आहे, यावर झोताचा आकार ठरतो. युरोपात १९६२ च्या सुमारास मोटारींच्या दिव्यांत हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ नंतर एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला, ६० आणि ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब रूढ झाला. त्यातील खालच्या झोताच्या तारेखाली धातूची लहानशी वाटी असते. ती नको असलेला प्रकाश अडविते आणि त्यामुळे झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ पडते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून हा झोत उजवीकडे, म्हणजे समोरच्या चालकाच्या बाजूस, खाली राहतो आणि डावीकडे रस्त्याच्या कडेला किंचित वर चढतो. कडेने चालणारा माणूस, मैलाचा दगड, खड्डा हे सारे दिसावे आणि समोरचा दिपू नये, अशी ही तडजोड आहे. इतक्या साध्या वस्तूत इतरांच्या डोळ्यांचा इतका विचार केलेला असतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

अशा परावर्तकात एलईडीचा बल्ब बसविला म्हणजे काय होते? जेथे बारीक तार असावयास हवी, तेथे चपट्या पट्टीवरील प्रकाशकण येतात. त्यांची जागा, आकार आणि प्रकाश फेकण्याची दिशा वेगळी असते. परावर्तक बिचारा आपले काम पूर्वीप्रमाणेच करीत राहतो. परंतु केंद्रच चुकल्यामुळे झोत विस्कटतो. उजेड वर जातो, झाडांच्या शेंड्यांवर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वाहनाच्या अगदी पुढ्यातील दहा-पंधरा मीटर रस्ता मात्र लख्ख उजळतो. त्यामुळे मालकाची समजूत होते की, आपला दिवा सुधारला. प्रत्यक्षात पुढ्यातील लख्ख उजेडाने त्याच्या डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि दूरचा अंधार त्याला अधिकच गडद होतो. पैसे खर्च करून त्याने स्वतःचीच दृष्टी कमी करून घेतलेली असते.

एलईडी तंत्रज्ञान वाईट, असा याचा अर्थ नव्हे. ज्या दिव्याची रचनाच एलईडीसाठी केलेली आहे, तो दिवा उत्तम असतो, वीज कमी घेतो आणि दीर्घकाळ टिकतो. इतकेच नव्हे, तर जुन्या दिव्यांत बसविण्याजोगे काही एलईडी बल्बही चाचणीस उतरले आहेत. जर्मनीने २०२० पासून त्यांना परवानगी दिली, पण ती सरसकट नव्हे. कोणता बल्ब कोणत्या वाहनाच्या कोणत्या दिव्यात चालेल, याची चाचणी घेऊन यादी करण्यात आली. सुधारणा आणि हौस यांत हाच फरक असतो.

आपल्याकडे नियमांचा तुटवडा आहे, असेही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ व्या नियमात दिव्याची कसोटी मोजमापासह दिलेली आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, त्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाला तो दिवा दिपविणारा नसावा. नियम करणाऱ्याने येथे वॉटचा विचार केलेला नाही, माणसाच्या डोळ्यांचा केला आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. एवढे सारे असूनही हे दिवे उघडपणे विकले जातात, उघडपणे बसविले जातात आणि चौकाचौकांतून उघडपणे फिरतात. शिरस्त्राणाविना जाणारा दुचाकीस्वार पोलिसाच्या नजरेस लगेच पडतो. डोळे दिपविणारा दिवा मात्र त्याला दिसत नाही, हा विरोधाभास विलक्षण म्हटला पाहिजे.

पूर्वी परिस्थिती सर्वस्वी आदर्श होती, असेही नव्हे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात काळोख पाळण्यासाठी मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केला जात असे. शांततेच्या काळातही दिव्याच्या काचेवर मधोमध काळा ठिपका लावण्याचा प्रघात पुष्कळ वर्षे होता. तो उपाय ओबडधोबड होता. त्याने झोताचा आकार सुधारत नसे, फक्त उजेड घटत असे. परंतु आपल्या दिव्याचा दुसऱ्याला उपद्रव होतो, एवढी जाणीव त्यामागे निदान होती. मालमोटारींच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती अद्यापही रंगविलेली असते. तिचे पालन करणारे मात्र विरळ होत चालले आहेत.

डोळे दिपण्याचा परिणाम केवळ क्षणाचा असतो, या समजुतीत अर्थ नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला की पुन्हा अंधुक वस्तू ओळखू येण्यास काही सेकंद जातात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे पन्नास मीटर ते आंधळेपणाने चाललेले असते. वयोमानाने ही अडचण वाढते. डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. विशीतील तरुणाच्या दृष्टिपटलापर्यंत जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतील माणसाच्या वाट्यास येतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा दिवा फुटून डोळ्यांभोवती तेजाचे वलय पसरते. उजेडाची ही शर्यत तरुण जिंकतील. वडिलधाऱ्यांनी मात्र तिन्हीसांजेनंतर वाहन चालवू नये, अशीच अवस्था येऊन ठेपली आहे.

पावसात आणि धुक्यात तर प्रखरतेचा उपयोग आणखीच कमी होतो. कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असल्यामुळे पडलेल्या प्रकाशाचा काही भाग चालकाकडे परत पाठवितो, म्हणून तो दिसतो. तोच रस्ता ओला झाला की आरसा बनतो आणि जवळजवळ सारा प्रकाश पुढे फेकतो. चालकास स्वतःचा दिवा लागला आहे की नाही, असा संशय येतो आणि समोरच्यास मात्र एकाऐवजी दोन दिवे सोसावे लागतात: एक वाहनावरचा, दुसरा पाण्यातला. धुक्यात वरचा झोत लावला तर पाण्याच्या असंख्य कणांवरून उजेड परतून पुढे पांढरी भिंत उभी राहते. निळसर पांढरा किंवा पिवळा असा रंग बदलून तेथे फारसे काही साधत नाही, कारण धुक्याचे कण प्रकाशाच्या लहरींच्या मानाने बरेच मोठे असतात आणि सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. उपयोग होतो तो झोताच्या आकाराचा. खाली बसविलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत धुक्याच्या थराखालून रस्त्याची कड दाखवितो. म्हणजे येथेही उजेड किती हा प्रश्न दुय्यम, तो कोठे पडतो हा मुख्य. मुसळधार पावसात चारही इशारादिवे लुकलुकत ठेवून वाहन हाकण्याची जी चाल पडली आहे, तीही अशीच अविचाराची होय. त्यामुळे वाहन कोणत्या बाजूला वळणार, हे मागच्यास कळेनासे होते.

येथे एक साधा हिशेब प्रत्येक चालकाने करून पाहण्याजोगा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर अंतर तेवढ्यातच संपते. कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ६० मीटरही लागू शकतात. एकूण बेरीज कोरड्यात सत्तर मीटरच्या जवळ, ओल्यात नव्वदच्या पुढे. खालच्या झोतात गडद कपड्यांतील पादचारी मात्र पन्नास मीटरच्या आसपास आल्यावरच ओळखू येतो. हे दोन आकडे शेजारी मांडले की दिव्यांचा प्रश्न अखेर वेगाचाही प्रश्न आहे, हे ध्यानात येते. वेग ताशी पन्नासवर आणला तर ओल्या रस्त्यावरही वाहन साधारण पंचेचाळीस मीटरमध्ये थांबते. कोणताही बल्ब न बदलता, एक पैसाही न खर्चता झालेली ही सुधारणा आहे.

दिव्यांची खरी सुधारणा याच वळणाची आणि बहुधा स्वस्त असते. आजच्या दिव्यांची काच ही खरे म्हणजे पॉलिकार्बोनेट असते. उन्हाने ती पिवळी आणि धुरकट होते, उजेड अडविते आणि जो बाहेर येतो तोही विस्कटून सोडते. ती घासून स्वच्छ करणे किंवा बदलणे, हा पहिला उपाय. जुन्या वाहनांतील तारा आणि जोड गंजले की बल्बपर्यंत पुरता विद्युतदाब पोचत नाही. दाब एक दशांशाने घटला तर हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. चांगली तार आणि रिले बसविला की तोच बल्ब नव्यासारखा जळू लागतो. त्याऐवजी शंभर वॉटचा बल्ब लावला तर तारा तापतात आणि परावर्तक करपतो. तिसरा उपाय झोत जुळविण्याचा. दिव्याचे तोंड एका अंशाने वर झाले तर शंभर मीटरवर झोत पावणेदोन मीटर वर चढतो, म्हणजे रस्त्यावरून उठून थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे सामान किंवा माणसे भरली की वाहनाचे नाक वर होते आणि नेमके हेच घडते. बहुतेक मोटारींत यासाठी झोत खाली घेण्याची लहानशी चकती दिलेली असते. ती कशासाठी आहे, हे अनेक मालकांना ठाऊकही नसते. पुढची काच आतून-बाहेरून स्वच्छ असणे आणि वायपरचे रबर पावसाळ्यापूर्वी बदलणे, ही कामेही दृष्टीचीच आहेत.

परंतु सारा भार व्यक्तीच्या सद्बुद्धीवर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. व्यापारी वाहनांना पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटार आणि दुचाकी यांची मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत अशी सक्तीची तपासणी होत नाही. याच वाहनांच्या धुराची तपासणी पीयूसी केंद्रावर ठराविक मुदतीने करावीच लागते. धूर तपासण्यासाठी वाहन तेथे उभे राहतेच. त्याच वेळी त्याचा झोत एका पडद्यावर पाडून पाहण्यास असा किती वेळ लागणार आहे? झोताची उंची आणि कड तपासणारे उपकरण ही काही दुर्मिळ वस्तू नाही. या केंद्रांच्या कारभाराविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत आणि कागदावरचे प्रमाणपत्र ही आणखी एक चिरीमिरीची संधी ठरेल, अशी शंका कोणी घेतल्यास ती निराधार म्हणता येणार नाही. तथापि सदोष तपासणीवरील उपाय तपासणी सुधारणे हा आहे, ती न करणे हा नव्हे. त्याच्या जोडीला अप्रमाणित बल्बांच्या विक्रीवरच बंदी हवी. दुकानात खुला विकला जाणारा माल रस्त्यावर पकडत बसणे, हा कायद्याचा पोरखेळ होय. आणि ज्या जुन्या दिव्यांना खरोखर सुधारण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी चाचणी झालेल्या बल्बांची वाहनवार यादी सरकारनेच प्रसिद्ध करावी. प्रामाणिक मालकास योग्य वाट दाखविली नाही, तर तो मिस्त्री दाखवील त्या वाटेने जाणारच.

यावर असा आक्षेप येईल की, रस्त्यांवर पुरेसे दिवे नाहीत, कडेचे पांढरे पट्टे पुसलेले, वळणांवर फलक नाहीत. मग वाहनधारकाने उजेड वाढवू नये तर काय करावे? आक्षेप खरा आहे. किंबहुना जो उजेड वाहनात आधीच आहे, तो परत पाठविणाऱ्या वस्तू रस्त्यावर असणे, ही निम्मी दृष्टी होय. पुसलेला पट्टा पुन्हा रंगविणे, वळणावर चमकणारे फलक आणि कडेला परावर्तक लावणे, ही रस्ते बांधणाऱ्यांची जबाबदारी आहे. उसाच्या गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांत रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे ना दिवा, ना परावर्तक, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. उसाचे वाढे लोंबत असल्याने गाडीचा आकारही कळत नाही. हंगामाच्या आरंभी प्रत्येक गाडीला चमकत्या पट्ट्या लावून घेणे, हे साखर कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. आषाढीच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात चालणाऱ्या दिंड्यांनाही अशा पट्ट्यांचे तेवढेच संरक्षण मिळेल. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असताना लागलेलाच राहतो. दिवा हा पाहण्यासाठी जसा, तसाच दिसण्यासाठीही असतो, हे तत्त्व त्या नियमाने मान्य केले आहे. ते उसाच्या गाडीपर्यंत आणि पायी चालणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजे.

महागड्या मोटारींत आता असे दिवे येतात की, समोरचे वाहन ओळखून त्याच्यापुरता भाग ते काळोखात ठेवतात आणि उरलेला रस्ता पूर्ण प्रकाशित करतात. अमेरिकेनेही २०२२ मध्ये त्यांना मान्यता दिली. जगातील अत्यंत प्रगत दिव्याची सारी बुद्धी अखेर खर्च झाली ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर उजेड न पाडण्यासाठी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सामान्य मोटारीत तेवढे यंत्र नाही; परंतु तेच काम करणारा डिपरचा खटका तिच्यातही आहे. समोरून कोणी येताना दिसताच तो दाबण्यास ना परवाना लागतो ना पैसा. समोरच्या चालकाला रस्ता दिसत राहणे, हा उपकार नव्हे. पन्नास मीटरनंतर तोच चालक आपल्या शेजारून जाणार असतो, आणि त्या वेळी त्याला दिसत असण्यावर दोघांचाही जीव अवलंबून असतो.